काळी वायर धरून दोन तास

नाशिक रोडला गाडीत ॲम्प्लिफायर बसवायला गेलो. मेकॅनिकनं आधी माझी अंगठी काढायला लावली. मग बॅटरीची काळी वायर सोडवून, फडक्यात गुंडाळून, अदबीनं माझ्या हातात दिली. "हलू नका साहेब. ही बॅटरीला टेकली की करंट चालू."

दोन तास मी शेळीचं दावं धरल्यासारखा उभा. शेजारच्या जोशीकाकांनी जाताना विचारलंही, "काय विकताय?"

काम संपल्यावर मेकॅनिकच्या खिशात चिकटपट्टीचं अख्खं रीळ दिसलं.

"अहो, ही का नाही गुंडाळली वायरला?"

"टेपनं वायर लांब राहते, गिऱ्हाईक नाय राहत. मागच्यानं मधेच वायर जोडली. ॲम्प जळाला."

मी तसला नाही, असं म्हणणार होतो. पण त्या दोन तासांत मीच चारदा विचारलं होतं, "एकदा जोडून बघू का?"