घाटकोपरची मुकी गाडी

जाहिरात दोन वाक्यांची होती. गाडी हायब्रिड असून उत्तम स्थितीत आहे. चालवणारे वयस्कर आहेत. खाली किंमत आणि घाटकोपर पश्चिमेचा पत्ता. दुसऱ्या वाक्याचा पहिल्याशी काय संबंध, हे जाहिरातीवरून कळत नव्हते. ते कळायला प्रत्यक्ष जावे लागले.

आम्हाला गाडीची गरज होती. घर मुलुंडला, बायकोचे ऑफिस अंधेरीला आणि मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, जिथे गाडी चालण्यापेक्षा उभीच जास्त राहते. हायब्रिड गाडी अशा रस्त्याला सोयीची. हळू वेगात ती बॅटरीवर चालते, पेट्रोलचे इंजिन झोपलेले असते आणि ब्रेक दाबला की बॅटरी थोडी भरते. नवी परवडत नव्हती. जुनी घ्यावी, तर तिची बॅटरी आणखी किती टिकेल हे कोणी छातीठोक सांगत नव्हते. यावरून घरात दोन पक्ष पडले होते. बायको घेण्याच्या बाजूची होती, मी चौकशीच्या.

रविवारी सकाळी गेलो. चार मजल्यांची जुनी इमारत, खाली खांबांमधल्या जागेत गाड्या. करड्या रंगाची ती गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे मालक डिकीला टेकून आमची वाट पाहत होते. वय चौऱ्याहत्तर. इस्त्रीचा शर्ट, पायात चप्पल. त्यांनी नमस्कार केला आणि लगेच गाडीचे दोष सांगायला सुरुवात केली.

चढाला दम लागतो. एसी खोकतो. बॅटरीचा काही नेम नाही, ती गेली तर नवीच्या पैशात दुसरी जुनी गाडी येईल. पावसाळ्यात तिचे लाड करावे लागतात. आणि मागची सीट, ते म्हणाले, जरा मनाविरुद्ध आहे. म्हणजे काय, असे विचारल्यावर त्यांनी खांदे उडवले.

माझी बायको शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "काका, मग तुम्ही भंगारवाल्याला का नाही बोलावलं?"

"बोलावणार होतो. हिने तुम्हाला बोलावलं."

'ही' तेवढ्यात जिन्यावरून खाली आली. काकूंचा हात पिठाने भरलेला होता. आमच्याकडे न बघताच त्यांनी नवऱ्याला विचारले, "काय सांगताय त्यांना?"

"खरं ते सांगतोय."

"खरं मी सांगते. तुम्ही चहाला वर या."

दोन्ही बाजू ऐकायची सवय असल्याने वर गेलो. जिन्यात काका मागे राहिले आणि त्यांनी माझी बाही धरली. ते हळू बोलले. "हे बघ, ही गाडी गेली की संपलं. मला आता दुसरी कोण घेऊन देतंय? आणि घेतली तरी ही चालवू देणार नाही." मग बाही सोडून ते पुढे झाले. जाहिरातीतल्या दुसऱ्या वाक्याचा अर्थ इथे लागला.

चहाबरोबर काकूंनी त्यांची बाजू मांडली. आधीची गाडी डिझेलची होती. ती सुरू झाली की दुसऱ्या मजल्यावर कपबशा वाजायच्या. त्या गॅलरीत यायच्या, 'कुठे निघालात' विचारायच्या, उत्तर मिळायचे, विषय संपायचा. मग मुलगा नोकरीसाठी दुबईला गेला आणि त्याची ही गाडी वडिलांकडे आली. ही गाडी निघताना आवाजच करत नाही. गाडी घरात आली आणि घरातला माणूस गायब होऊ लागला. जाताना ते हॉलमध्ये रेडिओ लावून ठेवतात. एका सकाळी काकू स्वयंपाकघरातून बराच वेळ त्यांना दुधीची भाजी चालेल का, असे विचारत होत्या. उत्तर रेडिओ देत होता. शेवटी बाहेर येऊन पाहिले तर खुर्ची रिकामी आणि खाली गाडीची जागाही रिकामी.

"दुधी मला चालत नाही, हे हिला माहीत आहे," काका म्हणाले.

"कुठे जाता, ते सांगा."

"फिरायला."

मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी अंधारात गाडी चालवायला मनाई केली होती. ते अंधारात चालवतही नव्हते, हे काकूंनी स्वतःहून मान्य केले. चालवतात चांगली, हेही मान्य केले. तरी गाडी विकायची, कारण ती मुकी आहे.

गाडी मेकॅनिककडे तपासायला द्यायची असे ठरले. आठवड्याने विक्रोळीच्या मेकॅनिकने ती उचलून, यंत्र जोडून सगळीकडून पाहिली. चढाला दम लागत नव्हता. एसी खोकत नव्हता. बॅटरी तब्येतीने उत्तम निघाली. मी काकांचे म्हणणे त्याला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, विकणारा एवढी बदनामी करतोय, म्हणजे गाडी झकास आहे. घेऊन टाका."

चौकशीचा पक्ष अशा रीतीने बरखास्त झाला आणि मीही घेण्याच्या बाजूने आलो. आता फक्त स्वतः बसून एक फेरी मारायची राहिली होती.

फेरीच्या सकाळी काका आधीच खाली होते. खांब अरुंद आहेत, बाहेर मी काढतो, मग तुम्ही चालवा, असे ते म्हणाले. बायको पुढे बसली, मी मागे. मागच्या सीटमध्ये मनाविरुद्ध काही नव्हते. काकूंची पूजा चालू होती, वरून घंटेचा आवाज येत होता. काकांनी ओठांवर बोट ठेवले आणि गाडी मागे घेतली. कसलाही आवाज झाला नाही. टायरखाली एक सुके पान आले, तेवढे ऐकू आले. वॉचमनने फाटक आधीच उघडून ठेवले होते आणि तो दुसरीकडे बघत होता. वरून पाहिले असते, तर जमिनीचाच एक करडा तुकडा सरकतो आहे, असे वाटले असते.

एलबीएस मार्गावर आल्यावर चालक बदलायचा होता. तो बदलला नाही. काका सिग्नलमागून सिग्नल उत्तरेकडे निघाले. गाडी ते खरोखर चांगली चालवत होते. घाई नाही, हॉर्न नाही, रिक्षावाल्याला आधी जाऊ देण्याची तयारी. विक्रोळी गेली, कांजूरमार्ग गेले.

गाडीत सुगंधाच्या चार पुड्या टांगलेल्या होत्या. बायकोने त्या एकेक हुंगून पाहिल्या. मग तिने काच थोडी खाली केली आणि विचारले, "काका, गाडीतून सुकट कोण नेतं?"

काकांनी तिच्याकडे पाहिले. "गाव कुठलं तुझं?"

"मालवणजवळ."

"मग वाट लागली," काका म्हणाले आणि त्यांनी गाडी भांडुपच्या एका गल्लीत वळवली.

गल्लीच्या टोकाला बैठ्या घरात त्यांची थोरली बहीण राहत होती. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद झाली, नंतर तोही गेला. आता गुडघ्यांमुळे ती उंबऱ्याबाहेर फारशी पडत नव्हती. काका आठवड्यातून एकदोनदा यायचे, तिची औषधे आणि सुकट आणायचे, बोंबील खायचे, परत जायचे. लपवायचे कारण त्यांनी दारातच सांगून टाकले. काही वर्षांपूर्वी घाटकोपरच्या घरी पाहुण्यांसमोर बहीण म्हणाली होती की काकूंच्या बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे कालवणात, तिरफळाचा मसालाच नाही. नणंद-भावजयीचे बोलणे त्या जेवणापासून बंद आहे. तिरफळ होते की नव्हते, याची खातरजमा आता शक्य नाही. दोन्ही बाजू आपापल्या निवेदनावर ठाम आहेत.

बहिणीने आम्हाला कोण, कुठले विचारले नाही. आधी बसवले, ताटल्या काढल्या, तव्यावरचे बोंबील वाढले. आम्ही गाडी घ्यायला आलो आहोत, असे काकांनी सांगितल्यावर मात्र तिचा हात थांबला.

"गाडी इकतस? मगे माका भेटूक येतलस कसो?"

"रिक्षेन येयन."

"रिक्षेन," ती म्हणाली. "बायलेक सांगान?"

काकांनी बोंबलाचा काटा बाजूला ठेवण्याचे काम फार लक्षपूर्वक केले. प्रश्न बरोबर होता. रिक्षा काही इमारतीखाली मुकाट येत नाही. तिला हाक मारावी लागते, फाटकाबाहेर उभे राहावे लागते आणि काकूंची गॅलरी नेमकी फाटकावर होती.

परत येताना गाडी बायकोने चालवली. कांजूरमार्गला वाहनांची रांग लागली होती आणि त्या रांगेत आमची एकटी गाडी धूर न सोडता, आवाज न करता पुढे पुढे सरकत होती. हीच तर आम्हाला हवी होती. काका मागे बसून खिडकीबाहेर बघत होते. बायकोने आरशात त्यांच्याकडे एकदा पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. तिचा विचार बदलतो आहे हे मला कळले. मी गाडी घ्यायच्या बाजूने अजून ठाम होतो, याची नोंद इथे करून ठेवतो.

इमारतीत शिरलो, तर गाडीच्या जागेत प्लॅस्टिकची खुर्ची होती. खुर्चीत काकू. जागेच्या बरोबर मधोमध. बायकोने गाडी थांबवली.

काकूंनी बसल्या बसल्याच विचारले, "बोंबील होते की मांदेली?"

काका उतरले. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? पहिल्या दिवसापासून माहीत आहे. रेडिओ लावून जाता, पण मासळीच्या वासाचा शर्ट तसाच घालून येता."

"मग विकायची कशाला? मी तिकडे जाऊ नये म्हणून?"

"खुशाल जा. भांडुपला जा, जुहूला जा, देवनारला जाऊन बसा. मला काय करायचंय?" काकू आता उभ्या राहिल्या होत्या. "पण निघालात ते मला कळायला नको? मी आत कोणाशी बोलतेय? एक दिवस रस्त्यात कुठे काही झालं, तर मी इथे रेडिओला चहा देत असेन."

काका गाडीच्या काचेवरची धूळ बोटाने पुसू लागले. वॉचमनही फाटकाशी काहीतरी शोधू लागला.

माझी बायको स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. खिडकीतून डोके बाहेर काढून ती म्हणाली, "काकू, म्हणजे तुम्हाला फक्त ऐकू यायला पाहिजे ना? मग रिव्हर्स हॉर्न बसवा की. गाडी मागे घेतली की बोंबलत सुटतो. टेम्पोला असतो, तो."

मी तिच्या दंडाला हळूच चिमटा काढला. तिने हात झटकला. "अरे, काय रे? एवढी चांगली गाडी घेऊन मी रोज ऑफिसला जाणार आणि रोज मला ती भांडुपची बाई आठवणार. मला नको."

व्यवहार तिथे मोडला. गाडी घेण्यासाठी आलेल्या पक्षाने विकणाऱ्या पक्षाला गाडी न विकण्याचा मार्ग दाखवला होता.

हॉर्न बसवायला काकू स्वतः आल्या. आम्हीही गेलो, कारण कल्पना आमच्या घरची होती. गाडीच्या सामानाच्या दुकानात बऱ्याच धून होत्या. दुकानदाराने एकेक वाजवून दाखवली. एक लग्नाच्या बँडसारखी वाटली म्हणून काकूंनी ती नाकारली. एक पाळण्यातल्या बाळाला बरी, असे त्या म्हणाल्या. शेवटी त्यांनी एका बाईचा आवाज पसंत केला. गाडी मागे येत आहे, सावध राहा, असे ती हिंदीत आणि वरच्या पट्टीत सांगते, आणि गाडी पुढे जाईपर्यंत सांगतच राहते.

"ही काय बाई मागे लावून देतेस?" काका म्हणाले.

"तुमच्या मागे बाई बोललेलीच बरी."

गाडी भिंतीकडे तोंड करून उभी असल्याने निघताना ती मागे घ्यावीच लागे. काका मात्र दुकानाबाहेर उभे राहून हातवारे करत काही गणित मांडत होते. काकूंनी ते पाहिले. "उलटी लावून ठेवीन म्हणाल, तर लावताना पण वाजेल. मग मला कळेल की उद्या निघायचा बेत आहे," असे सांगून त्या गाडीच्या दिशेने चालू लागल्या. काकांनी गणित सोडून दिले.

पहिल्याच सकाळी सगळी इमारत गॅलरीत आली. सोसायटीकडे तक्रार गेली. सचिवांनी आवाज कमी करता येईल का, असे विचारले. काकूंनी येणार नाही, असे कळवले.

आम्ही अजून गाडी शोधतो आहोत. अंधेरीला एक पाहिली, तिची बॅटरी आजारी होती. बोरिवलीला एक पाहिली, तिच्या मालकाने तिची इतकी स्तुती केली की बायको अर्ध्यातूनच परत फिरली. मध्यंतरी, आशा सुटत नाही म्हणून, मी घाटकोपरला फोन केला. विकायचा विचार पुन्हा झाला, तर आधी आम्हाला कळवा, एवढेच सांगायचे होते. फोन काकूंनी घेतला. मी मुद्द्यावर येतच होतो, एवढ्यात पलीकडून ती हिंदी बोलणारी बाई सुरू झाली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. काकूंनी मला थांबायला सांगितले. त्यांच्या बांगड्या वाजल्या, गॅलरीचे दार उघडल्याचा आवाज आला, मग त्यांचा स्वतःचा आवाज, त्या बाईच्याही वरच्या पट्टीतला.

"कुठे निघालात?"

खालून काय उत्तर आले, ते मला ऐकू आले नाही. काकू परत येऊन फोनवर आल्या.

"हं, बोल," त्या म्हणाल्या. "निघाले ते. तू काय म्हणत होतास?"

काही नाही, असे मी म्हणालो.