पाव्हण्यांसाठी राखलेले थेंब

स्वप्नालीचे डोळे जन्मापासून हलतात, तिला न विचारता. मान तिरकी केली की ते जरा स्थिरावतात, म्हणून वाचताना ती मान तिरकी करते. यावरून विट्यातल्या अर्ध्या गल्लीनं तिला गर्विष्ठ ठरवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीनं बाहेरची बाधा.

सांगलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे जन्माचं आहे, जाणार नाही; पण काचबिंदूला देतात ते थेंब काही जणांच्या डोळ्यांची हालचाल थोडी कमी करतात. रोज वेळच्या वेळी घालून बघू या. थोडी म्हणजे किती, ते तिला एसटी स्टँडवर कळलं. पतसंस्थेत कामाला जाताना रोज कुणाला तरी गाडी विचारावी लागायची. त्या सकाळी तिनं लांबून पाटी स्वतः वाचली. गावाचं नाव वाचून कुणी रडत नाही. ती रडली.

घरातही आनंद झाला, वेगळ्या कारणानं: आता स्थळं येतील. वडील तमिळनाडूत सोनं गाळायचं दुकान चालवायचे आणि इथलं राज्य मनुबाई आत्यांचं. त्या राज्यात चांगली वस्तू रोज वापरायची नसते. काचेचे कप पाव्हण्यांना, नवी चादर पाव्हण्यांना. त्याच न्यायानं थेंबांची बाटली पैठणीशेजारी कपाटात गेली. बघायला येतील तोवर पुरवायला नको का, असं आत्यांनी उलट तिलाच विचारलं. पाट्या पुन्हा नाचू लागल्या. एकदा ती चुकीच्या गाडीत बसून मायणीला पोचली आणि संस्थेत बोलणी खाल्ली. लग्नानंतर कुठं नोकरी करायचीय, हे आत्यांचं सांत्वन.

शिराळ्याचे पाव्हणे आले त्या दिवशी मात्र आत्यांनी हात सैल सोडला. राहिलेले सगळे थेंब एका बैठकीत. डोळे चुरचुरले, घशात कडू उतरलं, समोर धुकं. पोह्यांचा ट्रे घेऊन ती आली तेव्हा डोळ्यांना धार लागलेली. मुलाची आई विरघळली. आजकालच्या पोरी लग्नातसुद्धा रडत नाहीत, ही तर बघण्यातच रडते, म्हणजे संस्कार. मुलगा वीरधवल मोबाईलमध्ये संस्कार शोधत होता.

डोळ्यांचं काही नाही, थांबलेत आता, आत्यांनी बिनदिक्कत सांगून टाकलं. औषधही लग्नापुरतंच.

लग्नापुरतंच, हे स्वप्नालीनं ऐकलं. तिनं ट्रे खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर मान तिरकी केली.

"डोळं थांबनार न्हाईत. औषध मला दिसावं म्हनून हाय, तुमाला दिसू नये म्हनून न्हाई. ते लग्नाआदी लागंल आनि नंतरबी लागंल."

पाव्हण्यांना तेवढ्यात शिराळ्याला काहीतरी फार तातडीचं आठवलं. पोहे संपवून गेले, एवढी माणुसकी दाखवली.

मनुबाई स्वयंपाकघरात जाऊन खरंखुरं रडल्या. आता हिला कोण पसंत करणार, हीच काळजी. आई गेल्यापासून याच बाईनं तिला वाढवलं होतं, हे स्वप्नाली विसरली नव्हती. तिला वाईट वाटलं. ती उंबऱ्यातच थांबली.

"आत्या, तू वट्यापाशी हुबी असलीस की मला नुसती साडी दिसायची. गेल्या म्हयन्यात थेंब चालू हुतं तवा हितनं तुजं तोंड दिसलं. पयल्यांदाच."

मनुबाईंना भांडायचं होतं.  त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि तिच्याकडं नीट वळून उभ्या राहिल्या.