शालूबाईंचा आवाज आणि पंप

फोन आला तेव्हा मी वडसा गावी माझ्या घरी ऑर्गनच्या भात्याला ठिगळ लावत बसलो होतो. "मास्तर, शालूबाई गेल्या," आमच्या नाटक कंपनीचा मॅनेजर म्हणाला. दुपारी धाप लागली, दवाखान्याच्या वाटेवरच... पुढचं मला ऐकू आलं नाही. महिना होऊन गेला त्याला. दमेकऱ्याचं असंच व्हायचं, अशी लोक समजूत घालतात. मला त्या समजुतीचा रागच येतो. बाई शेवटच्या हंगामापर्यंत उभ्यानं गायल्या, हे कोणी बोलत नाही.

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात त्या नायिका होत्या आणि मी ऑर्गनवर. दिवाळीनंतर गावोगावी मंडईच्या जत्रा, शंकरपटाच्या बैलशर्यती सुरू झाल्या की आमचा हंगाम. थंडी, पटाची धूळ, रंगपटातली पावडर, शेकोटीचा धूर... दम्याला लागतं ते सगळं हजर! त्यांच्याकडे दोन पंप होते. एक धाप लागली की ओढायचा. तो ओढला की छाती धडधडायची आणि हात असे थरथरायचे, की ओठांची लाली गालावर जायची. "वाघ पाह्यला का वं बाई?" मी चिडवायचो. "तुमचा ऑर्गन आयकला मास्तर, भेव लागला," असं म्हणून त्या काजळाची कांडी दुसऱ्या नटीच्या हातात द्यायच्या.

दुसरा पंप रोजचा, धाप लागूच नये म्हणून. खरा महत्त्वाचा तोच. पण त्यानं आवाज बसायचा, तोंड यायचं, साधा वरणभातही झोंबायचा. म्हणून हंगाम आला की बाई तो पंप ट्रंकेच्या तळाशी टाकायच्या आणि धापेच्या पंपावर भागवायच्या. मला कळलं तेव्हा मी ओरडलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "श्वास माह्या एकटीचा आहे मास्तर, आवाज कंपनीचा आहे."

मग अहेरीकडच्या एका गावात, पडदा उघडायच्या आधीच, त्यांना वाक्यही पुरं करता येईना. ओठ निळे पडले. नाटकाला आलेल्यांपैकीच कोणीतरी गाडी काढली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी त्यांना वाचवलं, मग चांगलं झाडलं. "पंप ओढल्यावर चूळ भरता का?" चूळ? कोणी सांगितलंच नव्हतं. पंपाला प्लास्टिकचा फुगीर डबा लावून ओढायचा आणि मग चूळ भरून थुंकायची, म्हणजे औषध तोंडात-घशात कमी बसतं. एवढी साधी गोष्ट! तोंड यायचं थांबलं. आवाज मात्र पुरता सुटला नाही. वरच्या सुरांना तो फाटायचाच.

पुढच्या हंगामाच्या तालमीत त्या मालकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, लपवतील. छे! "मालक, मले दमा आहे. रोजचा पंप आता सोडत नाई. आवाज कधी बसन, कधी उठन. नायिका दुसरी पाहा. मले सासूचं काम द्या." नायिका करणारी बाई आपल्या तोंडानं सासू मागते, हे आमच्या धंद्यात होत नाही हो. मी बाहेर जाऊन रडलो, लाज कसली त्यात! आणि त्या सासूनं काय कहर केला... घोगऱ्या आवाजात सुनेला टोमणा मारला की अख्खा मंडप खिदळायचा. विंगेत येऊन बाई डबा लावून पंप ओढायच्या, चूळ भरायच्या. नवी पोरं हसली की म्हणायच्या, "हासा बाप्पा, हासा. श्वास घेऊन राह्यली, चोरी नाई करून राह्यली." अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

तरी दमा पुरता ऐकत नव्हताच. सासूला एकच गाणं होतं, सून घर सोडून निघते तेव्हाचं. त्याची दुसरी ओळ लांब. एका श्वासात त्यांना ती पुरत नसे. मध्येच थांबून त्या पदर सावरायच्या, श्वास घ्यायच्या, आणि तोवर मी ऑर्गनवर सूर धरून ठेवायचो. लोकांना वाटायचं, सासूचा गळा दाटून आला. बाया डोळ्यांना पदर लावायच्या. कित्येक वर्षं हे असंच चाललं.

परवा यंदाच्या तालमी सुरू झाल्या. सासूच्या कामाला नवी मुलगी आलीय, धडधाकट, एका श्वासात दोन ओळी म्हणेल अशी. दुसऱ्या ओळीत ती मध्येच थांबली. पदर सावरला. मीही सवयीनं सूर धरून बसलो.

"काऊन थांबली वं?" मी विचारलं.

"हे गाणं असंच आहे ना जी? मी तं लहानपणापासून असंच आयकलं."

"हो," मी म्हटलं, "असंच आहे. म्हण पुढं."