मेंढरांसाठी भुसकट मागायला

गाडीत काय काय भरायचं यावरून आमच्या घरात दोन दिवस वाद चालला होता. सुधीरचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं म्हणणं, आधी विष्णूला विचारू. माझं म्हणणं, ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याला काय विचारायचं, त्याला सगळंच लागत असणार. शेवटी माझंच टिकलं, आमच्याकडे बहुतेक वेळा टिकतं. सोसायटीतून गोळा केलेली ब्लँकेटं, साड्या आणि बिस्किटांचे खोके डिकीत कोंबले आणि रविवारी पहाटे आम्ही नाशिक सोडलं.

विष्णू सुधीरच्या कारखान्यात चार वर्षं होता. मग गावाकडे परतला, लग्न केलं, आता दोन लेकरांचा बाप आहे. त्याचं गाव जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, गोदावरीच्या अगदी काठावर. नदी आमच्या दारावरून जाते आणि पुढे त्याच्या दारावरून. यंदा ती त्याच्या दारातून आत गेली.

वेळ कमी असेल तर समृद्धी महामार्ग धरा, थेट जालन्याला उतरता येतं, फक्त टोल टोचतो. आम्ही येवला-वैजापूरचा जुना रस्ता घेतला, कारण मला वाटेत खायला लागतं. वैजापूरच्या पुढे थोडे खड्डे आहेत, बाकी रस्ता झकास. छत्रपती संभाजीनगर ओलांडून बदनापूरला थांबलो. गरम भजी, सोबत तळलेली मिरची आणि दोन चहा, सगळं मिळून नव्वद रुपये. टपरीवाल्यानं डिकीतले खोके बघून विचारलं, "पूरवाल्यांकडं निघाले का?" मी रुबाबात हो म्हटलं. त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत, म्हणून मी रस्त्यापलीकडच्या गाड्यावरून मोसंबी घेऊन त्याच्या टपरीवर ठेवली. तो नको नको म्हणत राहिला.

जालन्याहून अंबड, तिथून वडीगोद्री आणि मग आत वळलो. आतला रस्ता अर्धा डांबर, अर्धा गाळ. विष्णू फाट्यावर उभाच होता.

"तुमच्याकडलंच पाणी व्हतं ताई," तो हसत म्हणाला. "वळखीचं म्हणून थेट सैपाकघरात आलं."

मला हसावं की माफी मागावी ते कळेना. त्याच्या घराच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर पाण्याची रेघ होती. बायकोनं घर घासूनपुसून लख्ख केलं होतं, पण ती रेघ काही निघालेली नव्हती. तिनं चहा दिला आणि आमचे खोके ठेवायला देवळाच्या सभामंडपात नेलं. तिथं आधीच छातीएवढी बिस्किटांची रास होती.

"आता तर म्हशी बी तोंड फिरवून राह्यल्यात," विष्णू म्हणाला.

सुधीर माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

तरी ब्लँकेटांवर माझा भरवसा होता. गावाबाहेर धनगरांची वस्ती आहे, पहिलं ब्लँकेट तिथल्या गयाबाईंच्या हातात दिलं. साठीच्या बाई, खांद्यावर काळं घोंगडं, घरी राखलेल्या मेंढ्यांच्या लोकरीचं. त्यांनी माझं ब्लँकेट दोन बोटांत चोळून पाहिलं.

"ही लोकर न्हाई ताई, पिलाष्टिक हाय," त्या म्हणाल्या. मग मला वाईट वाटू नये म्हणून घाईनं, "पर रंग चांगला हाय. नातीला आवडंल."

धनगराला ब्लँकेट नेऊन देणारी मी पहिलीच असेन. तोंड लपवायला जागा नव्हती, तेव्हा जे आधी विचारायला हवं होतं ते आता विचारलं. गयाबाई, तुम्हाला लागतं काय?

"मेंढरांना खायला."

त्यांची निम्मी मेंढरं पाण्यात गेली होती. उरली होती ती चाळीसेक, बहुतेक माद्याच. गाळ बसलेलं गवत खाऊन त्यातल्याही काही आजारी पडत होत्या. स्वच्छ गवत उगवायला महिना लागणार होता आणि तोवर पोटात घालायला काही नव्हतं. म्हणून बुधवारी एक व्यापारी टेम्पो घेऊन येणार होता आणि सगळा कळप पडेल त्या भावात नेणार होता. माद्या गेल्या की पुन्हा कळप उभा राहत नाही, एवढं मलाही कळलं. बाई रडत नव्हत्या. एकेका मेंढीचे खूर उचलून चिखल काढत बोलत होत्या.

विष्णूचं दुखणं वेगळं होतं. त्यानं आम्हाला वावर दाखवलं. वरची काळी माती नदीनं खरवडून नेली होती आणि खाली पिवळट मुरूम उघडा पडला होता. दरवर्षी पेरणीआधी तो गयाबाईंची मेंढरं आपल्या शेतात बसवतो. इकडची ही जुनी पद्धत. रात्री कळप शेतात मुक्कामाला राहतो, लेंड्या आणि मुतानं जमीन कसदार होते, आणि त्या बदल्यात शेतकरी धनगराला ज्वारी देतो. यंदा त्या खताची गरज कधी नव्हे एवढी होती, पण द्यायला ज्वारीच उरली नव्हती.

"भुसकट कुठं मिळेल?" मी विचारलं.

"जालन्यात, मोंढ्यात. शांतिलाल शेटजींकडं. म्या माल त्यांच्याच आडतीवर घालतो. गाईंसाठी लई चारा वाटलाय त्यांनी. पर मेंढरांचं काई सांगता येत न्हाई."

"मी सांगते त्यांना," मी म्हटलं.

मुक्काम अंबडला एका लॉजवर केला. नऊशे रुपये, खोली स्वच्छ, गरम पाणी मात्र सकाळी सात ते आठच, तेव्हा लवकर उठा. सोमवारी विष्णू आणि गयाबाईंना गाडीत घेऊन जालना गाठलं. शेटजी जैन, घराणं राजस्थानातलं, चार पिढ्या जालन्यात. ते पहिला प्रश्न काय विचारतील हे विष्णूनं वाटेत सांगितलं होतं. मी गयाबाईंना उत्तर पढवलं. "विचारलं तर सांगायचं, आम्ही कसायाला देत नाही. एवढंच." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी दोनदा म्हणवून घेतलं, त्यांनी दोनदा म्हटलं.

मोंढ्यात सकाळची गडबड होती, धान्याच्या धुळीनं नाक चुरचुरत होतं. शेटजी गादीवर बसले होते. आधी पाणी, मग चहा, मग विष्णूच्या लेकरांची चौकशी. मग मी आमचं गाऱ्हाणं मांडलं, आणि चांगलं मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गयाबाईंकडे वळले.

"बाई, गाय म्हातारी होऊन मरते, हे मला माहीत आहे. तुमच्या मेंढ्या शेवटी कुठं जातात?"

मी गयाबाईंना कोपरानं ढोसलं.

"लबाड कशाला बोलू शेटजी," त्या म्हणाल्या. "माद्या म्या इकत न्हाई, यंदाच येळ आली. पर नर इकावेच लागतेत. दवाखाना, नातीची शाळा, समदा खर्चा त्याच्यावरच हाय. आन् नर कुठं जातेत ते तुमालाबी ठावं हाय."

शेटजींनी हात जोडले. "मंग मला माफ करा. माझ्या हातानं ते व्हायचं नाही."

मी चिडले होते, आणि शेटजींवर कमी, गयाबाईंवर जास्त. एक वाक्य, दोनदा पाठ करून घेतलेलं! पिशवी उचलून उठले सुद्धा. विष्णू मात्र बसून राहिला.

"शेटजी, मंग मेंढरांना नका देऊ," तो म्हणाला. "माझ्या वावराला द्या."

"म्हणजे?"

"दरसाल म्या ह्या मावशीला जवारी देतो, मंग मेंढरं माझ्या वावरात बसतेत. औंदा जवारी न्हाई. तुमी भुसकट मला द्या, म्या ते जवारीच्या जागी मावशीला देतो. महिनाभर माद्या वावरात बसल्या तर माझी माती पुन्यांदा कस धरंल. माती तर कोनी कापत न्हाई."

शेटजींनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी गयाबाईंनाच विचारलं, "महिनाभर एकही विकणार नाही? नर नाही, मादी नाही?"

"महिनाभर न्हाई. त्याच्याफुडं मला इचारू नका."

"बराबर," शेटजी म्हणाले आणि गुमास्त्याला हाक मारली. "तुरीचं भुसकट, टेम्पो भरून. थोडी सरकी पेंडपण टाका. विष्णूच्या शेतासाठी लिहा." मग माझ्याकडे वळून, "ताई, बसा ना. इथं येणारा प्रत्येक जण मला गोड वाटेल तेच बोलतो. या बाई बोलल्या नाहीत."

मी बसले. त्यांनी जेवूनच जा म्हणून धरलं. गट्ट्याची भाजी आणि तुपात बुडवलेली बाटी. पोटभर जेवले, पण मान खाली घालून.

मंगळवारी दुपारी टेम्पो गावात पोचला. पोती उतरवायला अर्धं गाव आलं होतं. पहिलं पोतं फोडलं तेव्हा माद्यांनी एकमेकींवर चढून धक्काबुक्की केली आणि गयाबाई पहिल्यांदा मोठ्यानं ओरडल्या, "दमानं गं बायांनो, दमानं!" व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून फोन विष्णूनं केला. संध्याकाळी विष्णूच्या उघड्या मुरमावर कळप बसला आणि आम्ही बांधावर बसून भाकरी, ठेचा आणि कांदा खाल्ला.

कुणाला असं जायचं असेल तर जरूर जा. रस्ते चांगले आहेत, माणसं जेवू घातल्याशिवाय सोडत नाहीत. फक्त निघण्याआधी फोन करून विचारा. सुधीरनं हे वाक्य ठळक अक्षरांत लिहायला सांगितलं होतं. तेवढं मी ऐकलेलं नाही.

नाशिकला परतून दीड महिना झाला. त्या महिन्याभरात एकही मेंढी विकली गेली नाही, आणि विष्णूनं त्याच वावरात उगवलेल्या हरभऱ्याचा फोटो पाठवला आहे. जमीन अजून फिकी दिसते, पण पीक उभं आहे. काल गयाबाईंचा फोन आला. एक मादी व्याली होती.

"नर हाय," त्या म्हणाल्या.

मी पटकन म्हटलं, "शेटजींना काही कळवू नका हं."

"कवाच कळवलं की. त्यांचं भुसकट खाल्लंय तिनं, त्यांना न्हाई सांगायचं तर कुनाला?"

मला पुढे विचारायची भीतीच वाटली. तरी विचारलं, काय म्हणाले?

"म्हणले, आईचं दूध पुरतंय का? न्हाईतर आनखी पेंड धाडतो."