उस्मानचाचा आणि अंबाडीची दोरी

कोशाचा कोणताही खंड मागा, उस्मानचाचा तो लगेच हातात द्यायचे नाहीत. आधी छातीशी धरायचे, चष्म्यावरून आपल्याकडे बघायचे आणि बजावायचे, "घेऊन जा. पण ह्याच्यात एक चूक हाय बरं का." ती चूक आपण मागितलेल्या खंडात नसायचीच. ती 'प'च्या खंडात होती. मी हसनाबादला विज्ञान शिकवायला आले तेव्हा गावच्या वाचनालयात 'ध्वनी'ची नोंद बघायला गेले होते. मला वाटलं, ध्वनीच्या वेगात काही गडबड असेल. म्हणून मी विचारलं, "कुठली चूक?" आणि माझी दुपार गेली.

चाचा तिथले ग्रंथपाल होते. सत्तरी ओलांडली होती, पण दुसरं कुणी मिळत नव्हतं आणि मिळालं असतं तरी चाचांनी किल्ली दिली असती असं मला वाटत नाही. जातीनं पिंजारी. बाप आणि आजा खांद्यावर धनुष्यासारखं पिंजण टाकून भोकरदन भागातली गावं फिरायचे, लोकांच्या गाद्या आणि रजयांतला गोळा झालेला कापूस मोकळा करून द्यायचे. चाचांनीही तरुणपणी काही वर्षं हेच केलं. छातीत कापूस बसला, दमा लागला, मग ते वाचनालयात आले. आणि एके दिवशी त्या थोर, जाडजूड, सरकारी कोशात त्यांना 'पिंजण' ही नोंद सापडली.

"मॅडम, काय सांगू, इतका आनंद झाला. आपल्या बापाचं औजार, चित्रासकट! मंग खाली वाचलं, तर काय लिवलंय? धनुकलीला अंबाडीची दोरी ताणून बांधतात म्हणे." चाचा खिन्नपणे हसले. "अंबाडीच्या दोरीनं पिंजाय गेलं तर कापूस दोरीलाच लपेटून बसतो. पिंजणार काय, कप्पाळ? तिथं तात पाहिजे. बकऱ्याच्या आतड्याची. तिला कापूस चिकटत न्हाई."

त्या ओळीच्या बाजूला त्यांनी खळीनं एक चिठ्ठी चिकटवली होती. सुंदर वळणदार अक्षरात खरी माहिती आणि खाली सही. संपादकांना पत्रंही टाकली होती. एका पत्राला उत्तर आलं होतं: आपल्या सूचनेचा पुढील आवृत्तीच्या वेळी योग्य तो विचार केला जाईल. हे उत्तर त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. मी हसू दाबलं. चाचांनी मात्र त्यातला शब्द न् शब्द खरा मानला होता. "योग्य तो म्हणलेत," ते बोट ठेवून दाखवायचे. "मंग करतीलच की. एवढा मोठा कोश, त्यांना वेळ लागणारच."

पुढील आवृत्ती आलीच नाही. आली ती बातमी: कोश आता छापणार नाहीत, सगळा ऑनलाइन होणार. गावात या बातमीचं सोयरसुतक कुणालाच नव्हतं. चाचा मात्र मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले, सायकलवरून आल्यामुळे धापा टाकत. "मॅडम, आता छपाईचं लचांड न्हाई! एक बटन दाबलं की बराबर!" मलाही खरंच तसं वाटलं. नोंद फोनवर दिसायला लागेपर्यंत पुढे काही महिने गेले. उघडली, आणि मी ती चाचांना वाचून दाखवता दाखवता थांबले. अंबाडीची दोरी. कुणीतरी छापील पान समोर ठेवून, मन लावून, एकही काना-मात्रा न चुकवता तीच चूक टाइप केली होती.

संताप चाचांना नाही, मला आला. नोंदीखाली सूचनेसाठी चौकट होती, तिच्यात मी चाचा सांगतील तसं लिहिलं आणि पाठवलं. उत्तर चांगलं लवकर आलं: माहितीस छापील आधार जोडावा. ते ऐकून चाचांना काही कळेचना. "आधार म्हंजे? मी ह्या हातानं तात बांधलेली हाय. आणखी काय आधार पाहिजे?" मी कोशाच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. म्हणाली, "मॅडम, तुमचं बरोबर असेलही. पण आम्ही इतर ठिकाणीही तपासलं. सगळीकडे अंबाडीच लिहिलंय." अहो, ते सगळे तुमच्याच कोशातून उतरवून घेतात, मी जवळजवळ ओरडलेच. ती म्हणाली, "तेच तर, मॅडम. आधार पाहिजे." मी फोन ठेवून दिला. अशा वेळी माणसानं डोकं कुठे आपटून घ्यावं, याचीही एखादी नोंद कोशात असायला हवी होती.

मग चित्रफीत करायची कल्पना मलाच सुचली. डोळ्यांनी दिसल्यावर तरी मानतील! चाचांच्या घरी भिंतीला बापाचं पिंजण टांगलेलं होतं, नुसतं लाकूड. त्यांनी जालन्याहून कसायाकडून आतडी आणली, धुतली, पिळली, दोन खुंट्यांना ताणून वाळवली. चाची, म्हणजे त्यांची बायको, अंगणात येणाऱ्या मांजरांना हाकलत तक्रार करायची, "म्हातारपणी हे काय करून राह्यलेत, विचारा की जरा." चाचा म्हणायचे, "कोशाचं काम हाय."

रविवारी दुपारी वाचनालयातली टेबलं बाजूला सारली. मी फोन धरला. चाचांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. खिशातून चार कागद काढले आणि वाचायला लागले, "सदर साधनास पिंजण असे संबोधण्यात येते. त्याची रचना पुढीलप्रमाणे असून..."

"चाचा," मी म्हटलं, "घरी बोलता तसं बोला ना. आणि आधी पिंजून दाखवा."

"कोशात जायचं हाय, मॅडम," ते दुखावून म्हणाले. "तिथं हाय-न्हाई कसं चालंल? बिलकुल त्यांच्यासारखंच पाहिजे."

चारही कागद त्यांनी सावकाश, अडखळलं की वाक्य पहिल्यापासून घेत वाचले. मग पिंजण उचललं. आधी अंबाडीची दोरी बांधून दाखवली. कापूस तिला असा गुरफटला की सोडवता सोडवेना. मग तात बांधली, लाकडी ठोकळ्यानं तिच्यावर टोला दिला, आणि तो घुमणारा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. कापूस हलका होऊन उडत होता, चाचांच्या भुवयांवर बसत होता. मी बघतच राहिले. तेच चुकलं. फोनकडे बघायला हवं होतं. त्यातली जागा कागद वाचण्यातच संपली होती. चित्रफितीत चारही कागद होते. पिंजण उचलायला चाचा वाकतात, तिथे ती थांबत होती.

मी कपाळावर हात मारला. आधी स्वतःवर चिडले, मग त्यांच्यावरही चिडले. "तरी सांगत होते, आधी पिंजून दाखवा म्हणून!" चाचा खोकत होते. खोकला थांबल्यावर म्हणाले, "दुबारा करू की. त्यात काय?"

दुबारा झालं नाही. त्या दुपारच्या कापसानं दमा उसळला. आधी घरी, मग जालन्याच्या दवाखान्यात. भेटायला गेले तेव्हा ऑक्सिजनची नळी बाजूला करून त्यांनी विचारलं, "पाठवलं का?" मी म्हटलं, "तुम्ही बरे व्हा, मग करू." ते बरे झाले नाहीत. त्या रविवारी मी रागानं बोलले, हे मला अजून खुपतं.

ते गेल्यावर मी ती अर्धीमुर्धी चित्रफीत पाठवली. सोबत पत्र लिहिलं: मी विज्ञानाची शिक्षिका आहे, पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि हा माणूस आता नाही. पत्रात सभ्यपणा फारसा उरला नव्हता. पावसाळा संपता संपता उत्तर आलं: आपल्या सूचनेनुसार नोंद अद्ययावत करण्यात आली आहे. मी शिक्षकांच्या खोलीतच पान उघडलं. 'पिंजण' शोधलं की आता 'कापूस' उघडत होता. त्या लांबलचक नोंदीत एकच वाक्य होतं: पूर्वी कापूस हाताने पिंजला जाई. चित्र नव्हतं. दोरी नव्हती. तातही नव्हती.

चाचीला सांगणं भाग होतं. ती अंगणात ज्वारी निवडत बसली होती. खोटं सांगावं असं वाटेत दहा वेळा मनात आलं, पण चाचांच्या घरात उभं राहून चुकीची माहिती देववेना.

"चाची, त्यांनी ती नोंदच काढून टाकली."

"पूरी?"

"पूरी."

तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला, जरा विचार केला. मग तिचा चेहरा मोकळा झाला. "मंग आता चूक तर न्हाई ना राह्यली?" ती म्हणाली. "चला. एवढ्यासाठीच जीव टांगून बसले होते."

मी मान हलवली, आणि तिनं पुढे केलेला चहा उभ्यानंच प्यायले.