गच्चीवर शेकलेलं चामडं

आमच्या घरात भाकरी यायची ती मढ्यापुढं चालून. माझे वडील, आबा, हलगी वाजवायचे. गावात कुणी गेलं की बोलावणं यायचं आणि आम्ही भावंडं खूश व्हायचो. खोटं कशाला सांगू? त्या दिवशी धान्य मिळायचं, पायरीखाली उभं राहून, वरून पदरात ओतलेलं. हलगी बाईनं वाजवायची नसते, म्हणून आबांनी ती मला कधी वाजवू दिली नाही. जाळावर शेकायचं काम तेवढं माझं. पण शाळेत त्यांनीच घातलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी.

लग्न होऊन दुबईला आले. नवरा लांब रुवैसला, रिफायनरीत, दर गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा. दुबईतल्या आमच्या अल मनखूल वस्तीत आम्ही ‘साताऱ्याकडचे’ एवढंच सांगायचो. हलगीचं मुलीलाही ठाऊक नव्हतं.

आमच्या फ्लॅटच्या एका खोलीत भाड्यानं एक केनियाची, लुओ जमातीची बाई राहायची. हॉटेलच्या बँडमध्ये इंग्लिश गाणी म्हणायची. आमचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं इंग्लिश. तिचे आजोबा न्यातिती वाजवायचे. लाकडी वाडग्यावर ताणलेलं चामडं, आठ तारा, आणि पायाच्या अंगठ्यात लोखंडी कडी. ती लाकडावर आपटत ताल धरायचा. मयताला ते वाजवून पूर्वजांना हाक मारायची. बायकांनी त्याला शिवायचं नाही. त्यात मिशनच्या शाळेनं तिला शिकवलं की आजोबांची गाणी सैतानाची. ती विसरायची तिनं ठरवलं होतं. जमलं नाही.

ऑगस्टमध्ये आजोबा गेल्याचा फोन आला. पासपोर्ट हॉटेलकडे. मॅनेजर म्हणाला, खलास, रजा नाही. तिनं देऱ्याच्या बाजारातून तारांसाठी मासेमारीचा तंगूस आणला, लाकडाचा वाडगा, लोखंडी कडी आणली, खाटकाकडून बकऱ्याचं कातडं. तिकडे पुढच्या शुक्रवारी माती द्यायची होती. त्याच वेळी इथं आपण वाजवायचं, असं तिनं ठरवलं.

बाल्कनीत चामडं वाळायला लागलं तशा शेजारच्या वहिनी दारात आल्या. पुण्याच्या, बोलायला गोड.

“वास कसला हो? उद्या आमच्याकडे सत्यनारायण आहे.”

“तिचं आहे ते,” मी म्हणाले. “आमच्यात असलं काही नसतं.”

ती माझ्या मागंच उभी होती. मराठी येत नव्हतं, तरी तिला कळलं. मला आबा आठवले, तरी मी दार लावून घेतलं.

शुक्रवारी दुपारी माझ्या मुलीला घेऊन आम्ही दोघी गच्चीवर गेलो. ती बुटक्या स्टुलावर बसली, अंगठ्यात कडी घातली, तार छेडली. आवाज बद्द. दमट हवेनं चामडं सैल पडलं होतं. तिनं तारा पिळल्या, पुन्हा छेडल्या. तेच. तिकडे आता माती पडत असणार.

“बाईच्या हातून वाजणार नाही,” ती हिंदीत म्हणाली. “खरंच सांगत होते ते लोक.”

मी खाली जाऊन रद्दी आणि तुपाचा रिकामा डबा घेऊन आले. तारा सैल कर म्हटलं. डब्यात जाळ केला आणि चामडं त्याच्यावर धरून फिरवत राहिले, मधूनमधून टिचकी मारून बघत. कुठं थांबायचं ते हातांना माहीत होतं. वहिनी दोरीवरचे कपडे काढायला वर आल्या होत्या. त्या थांबल्या.

“मम्मी, हू टॉट यू धिस?” मुलीनं विचारलं.

वहिनी ऐकत होत्या. टिचकी मारली, चामडं खणखणलं.

“माझ्या वडिलांनी. तुझे आजोबा हलगी वाजवायचे. मढ्यापुढं.”

वहिनींनी कपडे गोळा केले आणि गेल्या. त्यानंतर आमच्या घरचा चहा त्यांनी कधी घेतला नाही.

तिनं तारा पुन्हा पिळल्या आणि ती वाजवायला लागली. कडी लाकडावर आपटत होती. तिनं एकेक नाव घेऊन हाक मारली, आजोबांचं सगळ्यात शेवटी. त्यानंतर रडली. गळ्यातला क्रॉस तिनं काढला नाही. तो आईनं दिलेला होता.

वर्षभरानं करार संपला, पासपोर्ट हातात आला. तिनं हॉटेल सोडलं, बाप्तिस्म्याचं नाव सोडलं आणि आजोबांनी ठेवलेल्या लुओ नावानं न्यातिती घेऊन स्टेजवर बसली. माझ्या हॉलमध्ये आता गावाहून आणलेली आबांची हलगी आहे. आल्यागेल्याला ती कुणाची ते मी सांगते.