वच्छलाबाईंची दुहेरी नळीची सायकल

वच्छलाबाई ठोंबरे भिलाईच्या कारखान्यात ट्रेसर होत्या. इंजिनिअर लोकांनी पेन्सिलीनं काढलेले नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं उतरवायचे, एवढंच त्यांचं काम. आर्वीहून लग्न होऊन आल्या आणि दोन वर्षांनी त्या ड्रॉइंग हॉलमधल्या उंच स्टुलावर बसल्या, त्याला आता पंधरा वर्षं झाली होती. शेडचे खांब, क्रेनचे गर्डर, जिने, कठडे. त्यांच्या हाताखालून गेलं नाही असं काही राहिलं नव्हतं. रेघ इतकी स्वच्छ, की नवी पोरं त्यांची शीट शेजारी ठेवून हात बसवायची. पण स्वतःच्या मनानं एक रेघही ओढायची त्यांना मुभा नव्हती. समोर आहे तेच उतरवायचं.

सत्याऐंशीच्या हिवाळ्यात त्यांची नणंद दुर्गा एका रविवारी हुडको वसाहतीतल्या घरी आली ती सायकल बसच्या टपावर टाकून. दुर्गा सरकारी नर्स. नंदिनी नगरच्याही पुढं पथरीडीह नावाच्या गावी तिचं उपकेंद्र होतं आणि पाच गावं तिच्याकडं होती. लसींचा बर्फाचा डबा घेऊन ती गावोगाव फिरायची. तिकडं रस्ता म्हणजे नुसता मुरूम आणि त्यातून वर आलेले चुनखडीचे दगड.

"तिसऱ्यांदा तुटली व वहिनी," दुर्गा सायकल भिंतीला टेकवत म्हणाली. "अन् पाह्य ना, तिथंच तुटली."

वच्छलाबाई पदर खोचून खाली बसल्या. लेडीज सायकलची खाली वाकलेली नळी सीटच्या नळीला जिथं मिळते, तिथं भेग गेली होती. आधीच्या दोन वेल्डिंगच्या गाठी तशाच होत्या. भेग त्यांच्या शेजारून गेली होती.

"नवी घेऊन टाकू," दुर्गाचा भाऊ, म्हणजे वच्छलाबाईंचे यजमान देवराव म्हणाले. ते दुर्ग स्टेशनवर पार्सल ऑफिसात होते आणि कोणतीही मोडकी वस्तू बदलून टाकावी या मताचे होते.

"नवी बी तिथंच तुटन," वच्छलाबाई म्हणाल्या.

"कावून?" देवरावांनी विचारलं.

"थांबा, मी पाहून राहिली ना."

त्या बराच वेळ पाहत राहिल्या. गर्डरच्या नकाशांत त्यांनी हजारदा रेघा ओढल्या होत्या. तिथं प्रत्येक मोकळी जागा तिरक्या पट्टीनं कापून तिचे त्रिकोण केलेले असत. पुरुषांच्या सायकलीत त्रिकोण होता. या सायकलीत साडीसाठी वरचा दांडा काढून टाकला होता, त्याबरोबर त्रिकोणही गेला होता. दगडावरचा प्रत्येक धक्का त्या एका सांध्यावर येऊन आदळत होता. इतकी वर्षं त्यांनी ज्या रेघा नुसत्या उतरवल्या, त्या तिथं का असतात हे त्या दुपारी त्यांना स्वतःहून कळलं. त्यांनी मुलाच्या वहीचं मागचं पान फाडलं आणि नकाशा काढायला बसल्या.

उपाय सोपा निघाला. हँडलाच्या नळीपासून एक जाड नळी न काढता दोन बारीक काढायच्या. त्या सीटच्या नळीच्या दोन्ही अंगांनी, तिला जोडून, थेट मागच्या चाकाच्या आसापर्यंत न्यायच्या. साडीला जागा राहते आणि धक्का एका जागी न थांबता मागं निघून जातो. दगडांना पायडल लागू नये म्हणून पायडलचा आस दीड इंच वर घेतला. चढासाठी मागं सायकलरिक्षाचं मोठं फ्रीव्हील, पुढं पायडलपाशी लहान मुलांच्या सायकलीचं छोटं दातेरी चक्र. बर्फाचा डबा कॅरियरवर उंच नाचतो, म्हणून त्याला मागच्या चाकाच्या बाजूला खाली टांगायची जागा केली, आणि टाच लागू नये म्हणून मागचं चाक थोडं मागं सरकवलं.

कुम्हारीला गुलाब साहूचं वर्कशॉप होतं. लोखंडी फाटकं, हातगाड्या, ट्रॉल्या. गुलाब सगळं करायचा, आणि पितळेनं जोड भरावा तो त्यानंच. त्यानं कागद उलटा धरला, सुलटा धरला.

"दीदी, एक के जघा दू पाइप? वजनी हो जाही."

"होऊ दे जड," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुटायला नको."

पंधरा दिवसांत सायकल उभी राहिली. पहिल्यांदा चालवायची ती वच्छलाबाईंनीच. दुर्गा नको नको म्हणत होती, पण त्यांनी ऐकलं नाही. "काढली मी. पडायचं असन तर मी पडीन," म्हणाल्या. वर्कशॉपच्या मागं नदीकडं उतरणारी गाडीवाट होती. आधी सायकल हातानं खाली नेली. चढताना ती गुणी वागली. उतरताना मात्र वेग आला आणि हँडल हातात थरथरायला लागलं, मग हिसके द्यायला लागलं, आणि अर्ध्या उतारावर वच्छलाबाई बाभळीच्या काट्यांत जाऊन पडल्या. कोपर सोलून निघालं. गुलाब धावत आला. त्या उठल्या त्या आधी सायकलीकडं गेल्या. एकही जोड सुटला नव्हता. मग चूक जोडात नव्हती, चूक कागदात होती, म्हणजे त्यांची होती. ते त्यांना कोपरापेक्षा जास्त लागलं.

आठवडाभर रोज रात्री त्यांनी तो कागद पुन्हा पुन्हा तपासला. शेवटी घरी मोठ्या कागदावर पूर्ण नकाशा काढला आणि जेवणाच्या सुट्टीत हेड ड्राफ्ट्समन श्यामराव डोईफोडे यांच्यापुढं ठेवला. श्यामराव कडक माणूस. चुकीवर लाल पेन्सिल इतकी दाबायचे की कागद फाटायचा. त्यांनी चष्मा चढवला आणि डबा तसाच ठेवून नकाशा वाचू लागले.

"पुढच्या चाकाच्या चिमट्याचा बाक कुठं लिहिला?" त्यांनी विचारलं. "अन् हँडलाची नळी एवढी उभी कावून?"

"सर, उभी चांगली दिसत होती."

"दिसाले काढली का चालवाले?" श्यामराव म्हणाले. "सायकल मी कधी काढली नाही. पण तुमच्या पाहण्यात सगळ्यात ठाम चालणारी सायकल कोणती, तिचा कोन मोजा."

वच्छलाबाईंना विचार करावा लागला नाही. हुडकोत रोज सकाळी दूधवाला यायचा, दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लावून, एका हातानं बिडी ओढत. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला फाटकात अडवलं आणि सायकलीला ओळंबा लावून मुलाच्या कंपासपेटीतला चांदा धरला. दूधवाला घाबरला.

"बाई, दूध में पानी नहीं है," तो म्हणाला.

"दूध कोण पाहून राहिलं?" वच्छलाबाई म्हणाल्या. "हिलाना मत."

सदुसष्ट अंश. त्यांनी काढले होते त्र्याहत्तर. एवढ्याशा फरकानं त्यांना काट्यांत टाकलं होतं. चिमटाही दूधवाल्याचा पुढं जास्त वाकलेला होता. त्यांनी नकाशा पुन्हा काढला, बाक लिहिला, आणि श्यामरावांकडं नेला. त्यांनी पट्टी लावून एक एक माप तपासलं. लाल पेन्सिल हातातच राहिली. मग ते खाली कोपऱ्यातल्या चौकटीपाशी थांबले.

"रचना कोणाची, हा रकाना मोकळा आहे."

"ट्रेसरचं नाव तिथं लिहीत नाहीत, सर."

"हे ऑफिसचं ड्रॉइंग थोडीच आहे? लिहा."

वच्छलाबाईंनी पेन घेतला. पहिलं अक्षर थोडं जाड आलं, आणि त्यांनी ते खरवडलं नाही. खाली 'तपासले' समोर श्यामरावांनी सही केली. हॉलमधले सगळे जेवण सोडून भोवती जमले होते. वच्छलाबाईंना वाटलं, आता इथून उठू नये.

गुलाबनं पुढचा भाग कापून नव्यानं जोडला. या वेळी गाडीवाटेवर दोन्ही हात हलके धरले तरी सायकल सरळ उतरली. गुलाबनं टाळ्या वाजवल्या आणि स्वतः दोनदा फेरी मारून आला.

मग आला लसीचा दिवस. वच्छलाबाईंनी रजा टाकली आणि पथरीडीहला गेल्या. उपकेंद्र आणि पहिलं गाव यांच्या मध्ये एक उखडलेला चढ होता, दगडांचा, निसरड्या मुरमाचा. दुर्गा चार वर्षं तो चढ सायकल ढकलत चढायची.

"तू बस," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी मागून पायी येते."

दुर्गानं पांढऱ्या साडीचा काचा घट्ट केला, डबा खाली अडकवला आणि निघाली. पाय भराभर फिरत होते, सायकल सावकाश चढत होती. एक मोठा दगड आला. पुढचं चाक चढलं, मागचं चढलं, पायडल वरून सुटून गेलं. मागून वच्छलाबाई धापा टाकत येत होत्या आणि ओरडत होत्या, "उतरू नको व! उतरू नको!" दुर्गा उतरली नाही. वर पोचल्यावर तिनं इतक्या मोठ्यानं हाक मारली की रानातल्या बाया कामं सोडून पाहायला लागल्या.

"वहिनी! बसल्या बसल्या आली मी!"

वच्छलाबाई वर पोचल्या. त्यांनी डबा उघडून पाहिला. बर्फ शाबूत होता, कुप्या जागच्या जागी होत्या.

"सपाटीवर मात्र म्हातारीसारखी चालते," दुर्गा म्हणाली.

"सपाटी आहे कुठं तुझ्याकडं?" वच्छलाबाई म्हणाल्या, आणि दोघी दगडावर बसून हसत सुटल्या.

महिन्याभरात आणखी दोन नर्सनी दुर्गाची सायकल चालवून पाहिली आणि हट्ट धरला. पाच वर्षांत गुलाबच्या वर्कशॉपमधून अशा नऊ सायकली निघाल्या. प्रत्येकीचा नकाशा वेगळा, कारण प्रत्येक बाईची उंची वेगळी. वच्छलाबाई आधी माप घेत, ती बाई कुठल्या रस्त्यानं जाते ते विचारत, मग कागद काढत. पुढं खात्याची परीक्षा देऊन त्या स्वतः ड्राफ्ट्समन झाल्या. देवराव पार्सल ऑफिसात येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत.

नववी सायकल रमा नावाच्या ठेंगण्या नर्ससाठी होती. तेव्हा वच्छलाबाई चव्वेचाळीसच्या होत्या. रमा संकोचून म्हणाली, "मॅडम, तुम्ही कशाले त्रास घेता, मीच चालवून पाहते."

"थांब," त्या म्हणाल्या, आणि साडी वर खोचून गाडीवाटेच्या टोकाला गेल्या. सायकल रमाच्या मापाची असल्यानं त्यांचे गुडघे हँडलाला लागत होते. तरी त्यांनी ती नदीपर्यंत उतरवली, वळवली, आणि न थांबता चढवून आणली. मग घाम पुसला, सीट एक बोट खाली घ्यायला गुलाबला सांगितलं, आणि सायकल रमाच्या हातात दिली.